फँटसीतल्या देव्या, चेटकिणी आणि बाकीच्या बायका

कॉलेजरोडची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पण एक गोष्ट सारखी खुपतेय म्हणून धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

फँटसी मी शाळेपासून वाचतेय, चांदोबापासून सुरुवात, मग इंग्रजी जाडजूड ठोकळे, आणि आता मराठीत जे काही थोडंफार येतं ते. हल्ली कुठलंही नवीन पुस्तक घ्या, मागच्या कव्हरवर "सशक्त स्त्री पात्रं" असं छापलेलं असतंच. आत बघावं तर त्या जगात एक महादेवी असते जिने सृष्टी केली, एक नायिका असते जिच्यात त्या देवीचा अंश (कपाळावर खूण, डोळ्यांचा रंग वेगळा, हे आलंच), एक दुष्ट राणी किंवा चेटकीण, आणि एक आई जी तिसऱ्या प्रकरणात मरते. संपल्या बायका. बाजारात, शेतात, जहाजावर, दरबारात, खानावळीत सगळे पुरुषच. म्हणजे लेखकाला डोंगर हलवणारी बाई सुचली पण भाजी विकणारी सुचली नाही??

आणि ती नायिका तरी काय, तिला शक्ती मिळते म्हणजे कुणीतरी देतं, भविष्यवाणीत लिहिलेलं असतं म्हणून मिळते, आणि पाचशे पानं ती ती शक्ती सांभाळत फिरते. तिला स्वतःला काय पाहिजे हे कुणी विचारत नाही. हातात तलवार आहे पण मर्जी म्हणून काही नाही.

मी सध्या स्वतः एक कादंबरी लिहितेय, जग आपल्या सातमाळ्याच्या डोंगरांवरून घेतलंय, गड, गडावर देवी, पायथ्याला गावं. त्यामुळे माझ्यासाठी हे नुसतं चर्चेपुरतं नाही. वाचलेलं, पाहिलेलं, खेळलेलं सगळं चालेल. फक्त "आपल्याकडे पूर्वीपासून स्त्रीला देवी मानतात" एवढंच लिहून पळू नका प्लीज.

सिडकोकर
आपल्याकडे पूर्वीपासून स्त्रीला देवी मानतात.

(पळतो)

जाडपुस्तक
सिडकोकर, तू सुधारणार नाहीस.

ताई, मुद्दा पटला. हे सुरुवातीपासूनच असं आहे. टोल्कीनचं हॉबिट १९३७ चं, त्यात अख्ख्या प्रवासात एक बाई नाही, नाव येतं ते नायकाच्या आईचं. पुढे १९५४-५५ मध्ये लॉर्ड ऑफ द रिंग्जचे मोठे तीन भाग आले त्यात गॅलाड्रिएल आहे, ती जवळजवळ देवीच, आणि एओविन आहे जी पुरुषाचा वेश करून लढाईला जाते आणि ज्याला कुणी पुरुष मारू शकणार नाही असं भाकीत असतं त्याला मारते. आता एओविन मला खरंच आवडते, कारण तिला नेमकं काय हवंय ते तिने बोलून दाखवलंय, पिंजऱ्याची भीती वाटते म्हणते. पण शेवटी ती ढाल खाली ठेवून लग्न करते आणि रोग बरे करायला लागते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. त्यावर लोक अजून भांडतात, मी त्यात पडत नाही.

अनुष्टुभ
कॉलेजरोडची, धागा चांगला आहे. "आपल्या देवीलासुद्धा शस्त्रं पुरुष देवांनीच दिली" हा मुद्दा कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच लिहिते. मी शाळेत संस्कृत शिकवायचे, आणि सप्तशतीचा पाठ आमच्याकडे सासूबाईंपासून आहे.

सप्तशती म्हणजे मार्कंडेय पुराणातले १३ अध्याय, ७०० मंत्र. दुसऱ्या अध्यायात महिषासुराने हाकलून लावलेल्या देवांच्या तेजातून देवी उभी राहते. शंकराच्या तेजाचं मुख, यमाच्या तेजाचे केस, विष्णूच्या तेजाचे हात. मग शंकर आपल्या त्रिशूळातून त्रिशूळ काढून देतो, विष्णू चक्रातून चक्र, हे कॅलेंडरवर पाहून सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच यादीत कुबेर काय देतो ते कॅलेंडरवाले गाळतात. कधीच रिकामा न होणारा मद्याचा पेला! आणि ती तो शोभेला ठेवत नाही. महिषासुर समोर डरकाळ्या फोडतोय, आणि ही म्हणते, गर्ज रे मूर्खा, माझं पिऊन होतंय तोवर गर्जून घे. डोळे लाल, आणि हसतेय.

पाचव्या अध्यायात शुंभाचा दूत मागणी घेऊन येतो. आमच्या राजाकडे ऐरावत आहे, उच्चैःश्रवा आहे, जगातली सगळी रत्नं आहेत, तू स्त्रियांमधलं रत्न, तेव्हा तूही ये. ही म्हणते, खरं आहे हो तुमचं, पण काय करू, मागे अल्पबुद्धीने एक प्रतिज्ञा करून बसलेय की जो मला लढाईत जिंकेल तोच माझा नवरा, आता विचार न करता का होईना पण केली ना प्रतिज्ञा! हा सूर ओळखा. निव्वळ टिंगल आहे. आठव्यात तर ती प्रत्यक्ष शंकराला दूत म्हणून पाठवते, म्हणून तिला शिवदूती म्हणतात. आणि दहाव्यात शुंभ नेमका हाच आक्षेप घेतो, की तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस आणि गर्व कसला करतेस. तेव्हा ती सगळ्या मातृका, म्हणजे तिच्या बाजूने लढणाऱ्या देव्या, स्वतःत ओढून घेते आणि म्हणते, "एकैवाहं जगत्यत्र द्वितीया का ममापरा". या जगात मी एकटीच आहे, माझ्याशिवाय दुसरी आहेच कोण.

तेव्हा मर्जी मुळात भरपूर आहे. आपले लेखक शस्त्रं तेवढी उचलतात आणि पेला तिथेच ठेवून येतात.

सिडकोकर
काकू दंडवत. हा भाग शाळेत शिकवला असता तर संस्कृतला मी पैकीच्या पैकी घेतले असते.

कॉलेजरोडची
काकू, "माझं पिऊन होतंय तोवर" हे मी वहीत लिहून घेतलंय. दूताशी बोलतानाचा तो खोटा नम्रपणा तर कहर आहे, अशी नायिका मी कुठल्याच फँटसीत वाचलेली नाही.

कळवणकर
गडाच्या पायथ्याशी वाढलेला माणूस बोलतोय म्हणून थोडं ऐकून घ्या. सप्तशृंगीची मूर्ती अठरा हातांची, उंची आठ फुटांच्या आसपास, डोंगराच्या कड्यातच कोरलेली. साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ ते आमचं. मान जराशी कललेली आहे, लोक सांगतात समोरच्या मार्कंडेय डोंगरावर ऋषी पाठ म्हणतात तो कान देऊन ऐकतेय. म्हणजे काकू जे सांगताय ते ती स्वतःच ऐकतेय असं समजा.

२०२२ मध्ये मंदिर दीड महिना बंद ठेवून मूर्तीवरचा शेंदूर काढला, हजार किलोच्या वर निघाला. खालून एकदम वेगळं रूप आलं. आमची आजी रुसली होती, ही माझी देवीच नाही म्हणे, मग स्वतः रोपवेने जाऊन बघून आली आणि आता म्हणते डोळे छान आहेत. मला त्यातून कथेचा विषय दिसतो राव. देवी तीच, पण शेंदराचे थर कोणी चढवले, कधी, कशासाठी. फँटसीवाले चकाचक देवी आणतात, तिच्यावर माणसांचे थर नसतात.

दुसरं म्हणजे पायऱ्यांच्या तळाला महिषासुराचं पण ठाणं आहे, वर जाणारे त्यालाही हात जोडतात. आणि नांदुरीपासून वरपर्यंत खण-नारळ, कुंकू, बांगड्या, पेढे, उकडलेल्या शेंगा विकायला कोण बसतं? बायाच बसतात. चैत्रात खानदेशातून पायी लोक येतात तेव्हा त्यांच्या पाण्याची, भाकरीची सोय वाटेवरच्या गावातल्या बाया बघतात. ताईंनी विचारलं ना भाजीवाली कुठे गेली, तर ती देवीच्या बरोबर दारातच बसलीय, लेखक तिच्या अंगावरून वर जातो.

तर्कट
जरा उलट बाजू मांडतो. फँटसी हा प्रकारच साच्यांवर चालतो. पुरुषांचे साचे काय कमी आहेत का? शेतकऱ्याचा पोरगा जो राजाचा मुलगा निघतो, पांढऱ्या दाढीचा म्हातारा जो मध्येच मरतो, दारुडा पण मनाने चांगला योद्धा. कुणी तक्रार करत नाही. साचा आहे म्हणूनच तर वाचक पटकन आत शिरतो. प्रत्येक भाजीवालीला अंतरंग द्यायला लागलं तर कादंबरी चालणार कधी?

आणि देवीचं म्हणाल तर भक्ती वेगळी आणि समाज वेगळा हे जुनंच आहे. ज्या गावात देवीची जत्रा त्याच गावात मुलीचं बाराव्या वर्षी शिक्षण बंद. त्यात फँटसी लेखकाचा काय दोष.

पासा_टाक
तर्कट दादा, साचे दोघांचे असतील पण नियम सारखे नव्हते. मी टेबलावरचे रोलप्लेइंग गेम खेळतो, तिथे तर हे आकड्यात लिहून ठेवलेलं होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं १९७८ चं अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक, त्यात माणूस-योद्ध्याची ताकद १८/०० (इथे ०० म्हणजे शंभर) पर्यंत जाऊ शकते, पण पात्र बाई असेल तर १८/५० वर थांबायचं. ड्रॅगन चालतो, आगीचा गोळा चालतो, मेलेला माणूस उठवलेला चालतो, पण बाईची ताकद मात्र "वास्तववादी" पाहिजे!! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो नियम काढला.

आमच्या ग्रुपमध्ये पण मुलगी आली की मास्टर लगेच विचारतो, हीलर होणार ना? का रे बाबा. गेल्या वेळी एकीने कुऱ्हाडवाली घेतली आणि पहिल्याच खोलीत आमच्याच पार्टीचा दरवाजा तोडला, धमाल.

कॉलेजरोडची
तर्कट, शेतकऱ्याच्या पोराचा साचा आहे हे मान्य, पण त्या पोराला वाटेत निवड करायला मिळते. तो पळून जातो, चुकतो, मित्राला फसवतो, परत येतो, त्याच्यावर तीन पुस्तकं जातात. देवीचा अंश असलेली मुलगी चुकली तर लगेच "शक्ती तिला पेलली नाही" असं होतं आणि मग ती वेडी होते किंवा शहर जाळते किंवा नायकाला तिला मारावं लागतं. माझी तक्रार साच्याबद्दल नाहीये, साच्यात तिला किती हलायला जागा ठेवलीय त्याबद्दल आहे.

रंगपट
मी नाटकवाला, पुस्तकं कमी वाचतो. पण चेटकिणीबद्दल सांगू का? मराठी माणसाला चेटकीण म्हटलं की पहिली कोण आठवते, रत्नाकर मतकरींच्या अलबत्या गलबत्यातली चिंची. आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, मग नव्या प्रयोगांत वैभव मांगलेंनी. दोघांनी कमाल केली, पोरं खुर्चीत उभी राहून ओरडायची. पण गंमत बघा, सगळ्यात गाजलेली मराठी चेटकीण पुरुषांनी वठवलेली.

आणि देवीचंही तेच. आपल्या पेठ, सुरगाणा, तिकडे जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. रात्रभर संबळावर सोंगं नाचतात, लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे मोठे मुखवटे, शेवटाला देवी आणि महिषासुराची लढाई. देवीचं सोंग पुरुष घेतो, बहुतेक ठिकाणी ते मानाचं असतं आणि ठराविक घराकडेच असतं. पण एकदा मुखवटा चढला की त्याच्या पाया सगळे पडतात, त्याची स्वतःची आई पण पडते. हे कुणी फँटसीत का लिहीत नाही? आख्खं जग तयार आहे तिथे, ड्रॅगनची गरज नाही.

सातपुडा
वाचत होते, चेटकिणीचा विषय आला म्हणून लिहिते. मी नंदुरबारकडे काही वर्षं शिक्षिका होते. तिकडे डाकीण हा शब्द गोष्टीतला नाही. गावात मूल आजारी पडलं, बैल मेला, की कुणाकडे तरी बोट जातं, आणि ते बोट बहुतेक वेळा विधवेकडे, एकटीकडे, नाहीतर जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे तिच्याकडे जातं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, करणी केली म्हणून कुणाला छळणं हा त्यात गुन्हा आहे, तरी प्रकरणं होतात.

त्यामुळे फँटसीत "जंगलात एकटी राहणारी, झाडपाला जाणणारी, गावाने टाकलेली म्हातारी" आली आणि ती दुष्ट निघाली की माझं पुस्तक तिथेच मिटतं. चेटकीण लिहा, जरूर लिहा. पण आधी तिला चेटकीण ठरवलं कोणी आणि तिच्या जमिनीचं पुढे काय झालं तेही लिहा.

कॉलेजरोडची
सातपुडा ताई, जमिनीचा मुद्दा... धन्यवाद. यावर मी लगेच काही लिहीत नाही, विचार करते.

तपोवनी
सगळे वणीला जाऊन आले, आता जरा गावात या. फँटसीतली बाई म्हणाल तर नाशिकची स्वतःची आहे की. शूर्पणखा. तपोवनात तो प्रसंग मूर्तींत उभा केलाय, लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात, शहराचं नाव तिच्या नाकावरून पडलं म्हणून सांगतात. पण ती स्वतः काय म्हणाली हे कुणाला माहीत असतं?

वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रामाला आपली ओळख करून देते ना, त्यात म्हणते की मी हवं ते रूप घेणारी राक्षसी आहे, या अरण्यात एकटी फिरते, सगळे मला घाबरतात. आणि मग सरळ मागणी घालते, माझा नवरा हो. आता काकूंनी सांगितलेलं पाचवं प्रकरण आठवा. तिथे एक बाई एकटी, अफाट ताकदीची, लग्नाच्या अटी स्वतः ठरवते, ती देवी. इथे एक बाई एकटी, अफाट ताकदीची, लग्नाची मागणी स्वतः घालते, तिचे नाक-कान जातात. दोन्ही आपल्याच जिल्ह्यात, मध्ये फार तर साठ किलोमीटर.

मला तर वाटतं फँटसीतल्या सगळ्या बायकांची विभागणी या साठ किलोमीटरमध्येच आहे. पुरुषाला नाही म्हणते ती देवी, आणि स्वतः होऊन हो म्हणते ती राक्षसी.

गोदाघाट
हे अती होतंय. ती सीतेवर धावून गेली हे सोयीस्कर विसरलात. लक्ष्मणाने उगाच नाक कापलं नाही. हल्ली फॅशन झालीय रामाला व्हिलन करायची.

तपोवनी
कुणीही रामाला व्हिलन केलेलं नाही दादा, परत वाचा. धावून गेली हे बरोबर, ते मी लपवत नाही. पण त्याच्या आधीचंही तिथेच लिहिलंय. राम तिला म्हणतो माझं लग्न झालंय, हा माझा भाऊ बघ, याच्याकडे बायको नाही. लक्ष्मण म्हणतो मी तर दास, तू थोरल्याचीच धाकटी बायको हो. दोघं थट्टा करतायत, तिला ती कळत नाही, खरं मानते. मग ती सीतेवर धावते, आणि त्यानंतर राम स्वतःच म्हणतो की अशांशी थट्टा करू नये. हे माझं नाही, वाल्मीकींचं आहे.

अनुष्टुभ
तपोवनी म्हणतात ते मुळाला धरून आहे. एक भर. वाल्मीकी तिला कुरूप आणि वयस्क म्हणतात, रामाच्या एकेका गुणासमोर तिचा एकेक दोष मांडतात. तमिळमध्ये कंबनाने ती सुंदर रूप घेऊन येते असं केलं. म्हणजे हजार-दोन हजार वर्षांपूर्वीपासून कवी या बाईचं काय करायचं ते परत परत ठरवत आलेत. आजच्या लेखकांनी ठरवलं तर आभाळ कोसळणार नाही.

पण तुमची "नाही म्हणते ती देवी" ही वाटणी मला पूर्ण पटत नाही. रेणुकेचं बघा. चांदवडला जाऊन या, माहूरला जा. तिने कुणाला नाहीही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही, तिचं मन क्षणभर विचलित झालं म्हणून नवऱ्याने मुलाकरवी शिर उडवलं. आणि पूजा होते ती त्या मुखाचीच, तांदळ्याची. रा. चिं. ढेऱ्यांनी लज्जागौरीमध्ये याच्या उलट टोकाची मूर्ती अभ्यासली, शिर नाही, त्या जागी कमळ, आणि उरलेलं शरीर. एकीकडे नुसतं डोकं, एकीकडे नुसतं धड. अख्खी बाई कुठे आहे ते शोधायला लेखकच लागेल.

धागापाल
गोदाघाट आणि तपोवनी, दोघांचे काही प्रतिसाद काढले आहेत. विषय फँटसी साहित्य आहे, व्यक्तिगत होऊ नका. वर राहिलेत ते प्रतिसाद वाचनीय आहेत, तसेच लिहा.

जाडपुस्तक
इंग्रजी फँटसीत देवी कुठून आली त्यावर थोडं. रॉबर्ट ग्रेव्हज नावाच्या कवीचं १९४८ चं एक पुस्तक आहे, द व्हाइट गॉडेस, त्यात कुमारी, माता, म्हातारी अशी तिहेरी देवी मांडलीय. इतिहास म्हणून ते टिकत नाही असं अभ्यासक म्हणतात पण लेखकांनी ते असं उचललं की विचारू नका. गेम ऑफ थ्रोन्सच्या पुस्तकातल्या सात दैवतांत बघा, बायकांचे चेहरे तीन आणि ते तिघींच्या वयाचेच, कुमारी, माता, म्हातारी. पुरुषांत मात्र बाप आहे, योद्धा आहे, लोहार आहे. म्हणजे लोहाराला धंदा आहे, बाईला फक्त वय.

सिडकोकर
हां हे भारी पकडलंस भो. कारण आपल्याकडच्या गावदेव्या वयावर नाहीच, कामावर आहेत. सटवाई सहाव्या रात्री येऊन नशीब लिहिते. मरीआईकडे पटकी. साती आसरा विहिरीत, नदीच्या डोहात. पेठ-सुरगाण्याकडे कणसरी, ती धान्याची. मंत्रिमंडळासारखी खाती वाटलेली आहेत आणि कुणाचा नवरा कोण हे कुणी विचारत नाही.

आणि आमची खानदेशची कानबाई घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन. एक रात्र पाहुणी. पण त्या एका रात्रीसाठी सुरतेहून, पुण्याहून, कुठून कुठून भाऊबंद घरी येतात, नाशकात सिडकोत, सातपूरला गल्लीच्या गल्ली जागी असते, रोट होतात, आणि त्या रात्री घरात काय होणार ते सगळं बायाच ठरवतात, आमचा बाप पण विचारून पाय ठेवतो. कुठल्या फँटसीत अशी देवी आहे जी राज्य वाचवायला येत नाही, जेवायला येते?

कॉलेजरोडची
"राज्य वाचवायला येत नाही, जेवायला येते". मी हे चोरणार, सांगून ठेवते.

पासा_टाक
तुंबाडबद्दल कुणीच कसं काही म्हणालं नाही? २०१८ चा, आपल्या मातीतला, आणि देवीवरच आहे. पण देवी म्हणजे काय तर जागा. समृद्धीची देवी, तिच्या गर्भात उतरायचं, लंगोट लावून, आणि तिच्या लाडक्या पोराच्या कमरेचं सोनं ओरबाडून वर यायचं. मला पिक्चर प्रचंड आवडतो, शंभर वेळा बघेन, पण हा धागा वाचून पहिल्यांदा वाटलं की त्या देवीला बोलायला एक वाक्यही नाही. वरच्या बायका पण पीठ मळतात आणि गप्प बसतात.

तर्कट
पण तिथे ते मुद्दाम आहे ना. लोभी पुरुषांना देवी दिसतच नाही, तिच्यातलं सोनं दिसतं. गप्प ठेवण्यातच तर गोष्ट आहे.

पासा_टाक
हो तेही खरंय. मग ज्यांना हे मुद्दाम करता येतं आणि ज्यांच्याकडून सवयीने होतं यात फरक करायला हवा.

अनुष्टुभ
सवयीने होतं म्हणालात त्यावरून. काल पाठाला बसले होते आणि एक गोष्ट डोळ्यांपुढे आली जी इतकी वर्षं नुसती तोंडाने म्हणत होते. सप्तशतीची चौकट काय आहे? राज्य गेलेला राजा सुरथ, घरातून हाकललेला समाधी नावाचा वैश्य, आणि मेधा ऋषी. दोन पुरुष विचारतात, एक पुरुष सांगतो. शेवटी देवी प्रसन्न होते तेव्हा राजा राज्य मागतो, वैश्य ज्ञान मागतो. या संपूर्ण ग्रंथात आभाळभर देव्या आहेत, पण जमिनीवरची माणसातली बाई शोधा. सापडते ती समाधीची बायको, आणि ती येते ती एका अर्ध्या ओळीत, मुलांबरोबर मिळून पैशाच्या लोभाने नवऱ्याला हाकलणारी म्हणून.

कॉलेजरोडची, तुमची तक्रार हीच होती ना, वर महादेवी आणि खाली बाजारात बाई नाही. ही घडण आपल्याकडेही तितकीच जुनी आहे. मला त्या वैश्याच्या बायकोबद्दल कुणीतरी लिहिलेलं वाचायचंय. तिची बाजू काय होती? खरंच लोभ होता, की हा माणूस घरात काही न सांगता पैसा उडवत होता? नवरा वनात जाऊन मोक्ष घेऊन आला, मागे दुकान कोण बघत होतं?

सातपुडा
काकू!! ही तर अख्खी कादंबरी आहे.

जाडपुस्तक
याचं एक उदाहरण आहे आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. अर्सुला ले ग्विन. अर्थसीचं पहिलं पुस्तक १९६८ चं, त्यात जादूगारांची शाळा फक्त मुलांची, आणि त्या जगात म्हणच आहे की बायकांची जादू दुबळी आणि बायकांची जादू दुष्ट. दुसऱ्यात, १९७१ मध्ये, तेनार येते, तिला लहानपणीच उचलून नाव काढून घेऊन थडग्यांची पुजारीण केलेली असते. म्हणजे देवीचा अंश असलेली मुलगी, पण इथे त्या अंशाची किंमत काय ते दाखवलंय, तिला अंधारात डांबलंय आणि सगळे तिच्या पाया पडतायत. १९७२ ला तिसरं, त्यात परत पुरुषच. आणि मग एकदम १९९० मध्ये चौथं, तेहानू. त्यात तेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे, शेळ्या आहेत, सूत कातते, आगीत भाजलेलं एक पोर सांभाळते. महान जादूगार परत येतो तर त्याची शक्ती संपलेली. सगळं पुस्तक स्वयंपाकघरात आणि गोठ्यात घडतं आणि तरी ते फँटसीच आहे, भीतीदायक पण आहे. बऱ्याच चाहत्यांना ते आवडलं नाही, आम्हाला ड्रॅगन पाहिजे होते म्हणे. ड्रॅगन आहे, पण सुरुवातीला एकदा येऊन जातो आणि मग थेट शेवटी.

तर्कटला उत्तर हेच, भाजीवालीला अंतरंग दिलं तर कादंबरी चालते, फक्त वेगळ्या वेगाने.

तर्कट
वाचतो. सावानात मिळेल का?

जाडपुस्तक
सार्वजनिक वाचनालयात विचारून बघ, १८४० पासूनचं आहे म्हटल्यावर काहीतरी असेलच. नसेल तर माझी प्रत देतो पण पानं दुमडायची नाहीत. तसं आपल्याकडे फँटसी अजून मुलांच्याच कपाटात ठेवतात. २०२१ ला नाशकात साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष नारळीकर, तेव्हा निदान विज्ञानकथेला तरी मांडवात खुर्ची मिळाली, आपली पाळी कधी येते बघू.

कळवणकर
ताई, तुमच्या पुस्तकातल्या देवीचं मग काय ठरलं? एक सांगतो, गडावरच्या देवीला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण. ही साडी विणतं कोण, नेसवतं कोण, उतरवलेली जाते कुठे, एवढ्यावर तुमच्या पायथ्याच्या गावाचा निम्मा कारभार उभा राहील.

कॉलेजरोडची
सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

नायिकेच्या अंगात देवी येते हे मी काढलेलं नाही, पण आता ती अंगात येऊ द्यायची की नाही हे तिला विचारलं जाणार आहे, आणि ती पहिल्यांदा नाही म्हणणार आहे. कारण साधं आहे, तिचं विणकामाचं साटं ठरलंय, आगाऊ पैसे घेतलेत, ते लुगडं जत्रेच्या आत पुरं करायचंय. (कळवणकर दादा, साडीचं तुमच्याकडून घेतलं.) देवी तिच्यावर रागवत नाही, ती तिथेच मागाजवळ बसते आणि पेला मागते. चेटकीण ठरवलेल्या म्हातारीची जमीन गडाच्या वाटेवर आहे आणि ती सगळ्यांना पाहिजे आहे, सातपुडा ताई, हे तुमचं. समाधीच्या बायकोला मी हात लावणार नाही, ती काकूंनीच लिहावी असं माझं मत आहे.

अनुष्टुभ
मी? या वयात? बरं. आधी ती दुकान कसलं चालवायची ते ठरवू दे.

सिडकोकर
किराणा. बायकोने चालवलेलं किराणा दुकान कधी बुडत नाही, आमच्या गल्लीत बघा.

पासा_टाक
पण मग ताई व्हिलन कोण? महिषासुराला तर कळवणकरांनी पायथ्याला बसवून त्याच्या पाया पडायला लावलं.

कॉलेजरोडची
सध्या तरी गावचा पाटील आहे. देवी काय म्हणाली हे तिच्या आधी तोच दवंडी देऊन मोकळा होतो.